बिनक्रमांकाची फाइल

११ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

टपालानं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. आई ठीक आहे, म्हणजे या आजारात जितकं ठीक असता येतं तितकी. तुझा पत्ता तुझ्या बोटीच्या कंपनीच्या कचेरीतून मिळवला. तिथल्या बाई द्यायला तयार नव्हत्या. मी त्याची सख्खी बहीण आहे म्हटल्यावर म्हणाल्या, "मग तुमच्याकडे कसा नाही?" तरी त्यांनी दिला.

ईमेल का केली नाही ते पुढे कळेल.

सप्टेंबरात आईच्या आजाराचं कळवलं तेव्हा तू एका ओळीत उत्तर दिलं होतंस. "आहे तोवर तिचा आवाज भरून ठेव. एक प्रत मला पाठव." त्या ओळीवरूनच मी हॉस्पिटलातल्या स्पीच थेरपिस्टना विचारलं. त्या म्हणाल्या, होतं तसं. माणसानं ठरावीक वाक्यं वाचून ठेवायची, त्यावरून त्याचा आवाज तयार करतात. पुढे बोलणं गेलं की डोळ्यांनी स्क्रीनवरची अक्षरं निवडायची आणि मशीन त्या माणसाच्याच आवाजात बोलतं. वाक्यं सोळाशे.

ऑक्टोबरापासून रोज सकाळी, मी लॅबला जायच्या आधी तासभर, आम्ही तेच केलं. (मी अजून त्याच दातांच्या लॅबमध्ये आहे. कवळ्या करते. बोटं सकाळी माझ्यानंतर उठतात एवढाच फरक.) मधल्या खोलीच्या खिडकीला ब्लँकेटं लावली. पंखा बंद, फ्रिज बंद. वाक्यं कुणी लिहिली होती देव जाणे. "ठेंगण्या ढगानं झगा झटकला." "जिराफाला शिडी लागत नाही." आई म्हणायची, "हे मला आयुष्यात कधी लागणार आहे? 'पाठ खाजवा' कुठे लिहिलंय ते दाखव आधी." पण वाचायची मात्र मन लावून. तीस वर्षं हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर बसलेली बाई, शब्द धुऊन पुसून समोर ठेवायची सवय. डिसेंबरात 'र' आणि 'ळ' जड झाले. जानेवारीच्या मध्यावर 'थांब'चा 'हांब' व्हायला लागला. अकराशे चाळीसवर आम्ही थांबलो. थेरपिस्ट म्हणाल्या, "एवढ्यात होईल, पाठवून द्या." सोमवारी पाठवणार होते.

शनिवारी दुपारी कॉम्प्युटरवर एक फाइल उघडली गेली. आधी काहीच झालं नाही. मी चहा टाकून परत आले तर फाइलींची चित्रं एकेक करून पांढरी पडत होती. नावांच्या शेवटी कसलीशी अक्षरं चिकटली होती. एक, दोन, मग ओळच्या ओळ. माशा हाकलाव्यात तसा मी माउस हलवत बसले. मग प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी दिसली. तुमच्या फाइलींना आम्ही कुलूप घातलं आहे, किल्ली हवी तर पैसे द्या, नाहीतर विसरा. दुसरी प्रत मी शहाणपणानं वेगळ्या डिस्कवर ठेवली होती. पण ती डिस्क कॉम्प्युटरला जोडलेलीच होती, त्यामुळे तिलाही कुलूप.

अकराशे चाळीस वाक्यांपैकी एकही वाजत नाही. बाबांचे फोटो, तुझे शाळेतले फोटो, आजोबांची स्कॅन केलेली पत्रं, सगळं आहे आणि काहीच उघडत नाही. आई आता नुसते घशातले आवाज काढते. पुन्हा वाचून घ्यायची सोय नाही.

तिला मी अजून सांगितलेलं नाही.

तुझी प्रत पाठवायची राहून गेली. पाठवली असती तर आज तुझ्याकडे असती. हे मला दिसतंय, तू लिहायला नको.

ताई


२३ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

उत्तराची वाट पाहत नव्हते असं लिहिणार होते. पण रोज घरी येताना खालच्या टपालपेटीत हात घालते, तेव्हा ते राहू दे.

मागच्या पत्रात मी लिहिलं, एक फाइल उघडली गेली. आपोआप काही उघडत नाही. मी उघडली. आणि ती तुझ्या नावानं आली होती.

कोपऱ्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. चालवणारे गृहस्थ पन्नाशीचे, चष्मा कपाळावर, तोंडानं फटकळ. त्यांनी विचारलं, "पत्र कुणाचं होतं?"

"भावाचं."

"भाऊ नेहमी लिहितात?"

"चार वर्षांत दोनदा."

"मग संशय नाही आला?"

"नेहमी लिहीत असता तर आला असता," मी म्हटलं. त्यावर त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि ते पत्र वाचलं.

ते म्हणाले की तुझ्या ईमेलचा पासवर्ड कुणाच्या तरी हाती लागला असणार. अशी माणसं जुनी पत्रं उपसतात आणि एखाद्या खऱ्या पत्राखालीच आपलं खोटं उत्तर चिकटवतात, म्हणजे समोरचा बेसावध राहतो. तुझ्या सप्टेंबरातल्या त्याच ओळीखाली ते आलं. विषय, "आईबद्दल". आत एवढंच, "कृपया सोबतची फाइल पाहावी." तू मला जन्मात कधी कृपया म्हटलंयस? पण ते 'कृपया' मला नंतर दिसलं. आधी तुझं नाव दिसलं आणि बोट चाललं. हे पत्र मिळताच दुसऱ्या कुणाच्या कॉम्प्युटरवरून पासवर्ड बदल आणि तुझ्या ओळखीच्या सगळ्यांना सावध कर.

आता दुसरं. तुझी प्रत पाठवायची राहून गेली असंही मी लिहिलं. तेही तसं नाही. मी ती पाठवली नाही.

नोव्हेंबरात एका सकाळी आई म्हणाली, "आज यादीतलं नको. बटण दाब आणि तू बाहेर जा." मी गेले. ती सहा मिनिटं बोलली. तुझ्यासाठी. बाकी प्रत्येक फाइलला क्रमांक होता, हिला नव्हता. मी ऐकायला नको होती, त्याच संध्याकाळी ऐकली. तीत ती म्हणते की बाबा जाताना तू आला नाहीस ते तिनं मनातून काढून टाकलंय, तुला माफ केलंय, आता ये.

तू हे ऐकलं असतंस तर एक तर हसला असतास, नाहीतर तिला फोन करून खरं सांगितलं असतंस. म्हणून नाही पाठवली. फक्त वाक्यं पाठवता आली असती की, असं तू म्हणशील. मी तेवढंही केलं नाही. प्रत पाठवायला बसले की ती एक फाइल मध्ये दिसायची आणि मी कॉम्प्युटर बंद करायची.

काय घडलं ते तुला ठाऊक आहेच, पण मी ते एकदाही शब्दांत सांगितलेलं नाही. आज लिहिते. बंदरातून तुझा फोन आला होता. "ताई, येऊ का? आज उतरलो नाही तर पुढचे सतरा दिवस उतरता येणार नाही." मी म्हणाले, "नको येऊस, बाबा बरे आहेत." बाबा बरे नव्हते. डॉक्टरांनी त्या सकाळीच सांगितलं होतं. दोन वर्षं मी त्यांचं अंथरूण, औषधं, दाढी, सगळं केलं, आणि डोळे उघडले की ते विचारायचे, धाकटा कुठे आहे. तू शेवटच्या दिवशी दारात उभा राहिला असतास आणि त्यांचा चेहरा उजळला असता. तो मला बघायचा नव्हता. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही. शोधून पाहिलं.

ते नवव्या दिवशी गेले. घर माणसांनी भरलं होतं. आत्यानं सगळ्यांदेखत विचारलं, "धाकट्याला कळवलं नव्हतंस?" मी म्हणाले, "कळवलं होतं. त्याला यायचं नव्हतं." पुढच्या आठवड्यात तू आलास तेव्हा आई म्हणाली, "आता कशाला आलास?" तू माझ्याकडे बघितलंस. मी कप गोळा करत होते. बशीत बशी ठेवत होते. तू सकाळी निघून गेलास आणि बोटीवरून एवढंच लिहिलंस, "आईला तू सांग."

नाही सांगितलं.

ताई


१४ मार्च

प्रिय धाकट्या,

हे पत्र आईच्या पलंगाशेजारी बसून लिहितेय. प्रत्येक परिच्छेद झाला की तिला वाचून दाखवायचा, असा तिचा हुकूम आहे. त्यामुळे यात काही झाकलेलं असेल तर ते तिच्या संमतीनं झाकलेलं असेल.

आई आता अक्षरांच्या फळ्यावर बोलते. मी ओळी म्हणत जाते, क-ख-ग-घ, च-छ-ज-झ, आणि हवं ते अक्षर आलं की ती डोळे वर करते. काना-मात्रा ती देत नाही, फार वेळ जातो. मी अंदाजानं लावते. त्यामुळे घोटाळे होतात. मागे दोन दिवस ती "न-क" म्हणत होती, मी "नको" समजून औषध परत नेत होते, आणि तिचं नाक खाजत होतं.

तर, क्रमानं.

चोरांच्या चिठ्ठीत एक पत्ता होता. दुकानवाल्यांचं म्हणणं होतं, "पैसे भरू नका. माझं एक गिऱ्हाईक भरून बसलंय, हाती काही लागलं नाही. पोलिसांत तक्रार करा आणि ही डिस्क आहे तशी जपून ठेवा. कधीकधी टोळी पकडली जाते, किल्ल्या सापडतात." तक्रार केली. डिस्क कपाटात आहे. पण मी म्हटलं, मला त्यांना एकदा लिहायचंय. ते बराच वेळ नाही म्हणाले, मग दुकानातला एक रिकामा, बाकी कशालाही न जोडलेला कॉम्प्युटर दिला. "चोराशी बोलायचंच असेल तर घराबाहेरून बोला."

मी लिहिलं, या फाइलींत माझ्या आईचा आवाज आहे. ती आता बोलू शकत नाही. तुमच्या उपयोगाचं यात काही नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. इतकं अदबशीर उत्तर मला बँकेनंसुद्धा कधी दिलेलं नाही. आपली अडचण समजते, आमच्याकडे किल्ली आहे याची खात्री पटावी म्हणून आपली कोणतीही एक लहान फाइल विनामूल्य उघडून देऊ. कापडाच्या दुकानात नमुन्याची चिंधी दाखवतात तसं.

दुकानवाले म्हणाले, "मिळते आहे तर एक घ्या. पुढे पैसे मागतील, तेव्हा उत्तर द्यायचं नाही. कुठली हवी ते उद्या सांगा."

तो दिवस लॅबमध्ये कसा गेला विचारू नकोस. एका बाईंची वरची कवळी लावत होते. समोरचे दात मी असे बसवले की मालक म्हणाले, "या हसल्या तर भांडायला आल्यासारख्या दिसतील." मेण वितळवून पुन्हा केलं. डोक्यात एकच चाललं होतं. चोरांनी माझं काम केलं होतं. चार वर्षं जे मी दाबून धरलं, त्यावर दुसऱ्याच कुणी कुलूप घातलं, आणि तेही न तुटणारं. ती फाइल उघडून मिळू शकते हे तुला कुठे ठाऊक होतं? आईला सहा मिनिटांचं बोलणं पुन्हा सांगायचं तर फळ्यावर सहा महिने लागले असते. मी "मला पाणी हवं आहे" हे वाक्य उघडून घेतलं असतं तर कुणी बोट दाखवलं नसतं. उलट म्हणाले असते, बघा, आईच्या गरजेचं वाक्य निवडलं लेकीनं.

मी शूर झाले असं समजू नकोस. सकाळी दुकानात उभी राहिले तोपर्यंत "पाणी" म्हणायचं ठरलं होतं. त्यांनी विचारलं, "कुठली?" आणि मी म्हणाले, "जिला क्रमांक नाही ती." तोंडातून तीच निघाली. त्यांनी लिहून घेतली, आणि मग ते बदलावंसं वाटलं नाही.

दोन दिवसांनी ती उघडून आली. व्हायरस नाही ना हे पाहायला त्यांनी दोन-तीन प्रकारे तपासली, मग वाजवली. दुकानभर आईचा आवाज. "धाकट्या, तुझी ताई बाहेर गेली का बघते आधी." त्यांनी लगेच बंद केली. चष्मा पुसत म्हणाले, "हे घरचं आहे. तुम्ही घरी ऐका." माझ्या मागे एक माणूस प्रिंटर घेऊन उभा होता. तोही बाहेर जाऊन थांबला.

घरी येऊन मी आईला सगळं एकदम सांगितलं. आवाज गेला तेही आणि बाबांच्या वेळचं तेही. आवाजाचं ऐकताना ती माझ्याकडे बघत होती. मध्ये फळा मागून तिनं "ज-र-फ-ग-ल" असं सांगितलं. जिराफ गेला. मला हसू आलं आणि तिला तेच हवं होतं. मग मी दुसरं सांगितलं, आणि तिनं डोळे मिटले.

माणूस ओरडतं, दार आपटतं, उठून जातं. आईकडे फक्त पापण्या आहेत. तीन दिवस तिनं माझ्यासाठी डोळे उघडले नाहीत. नळीतून जेवण दिलं, अंग पुसलं, कूस बदलली, मिटलेलेच. नर्स आली की उघडायची. माझा पाय वाजला की मिटायची.

(इथे आईनं थांबवलं. तीन नाही, चार दिवस, म्हणतेय. बरं. चार.)

पाचव्या सकाळी उघडले. मी फळा धरला. "त-य-ल-ल-ह-ल-स". त्याला लिहिलंस? मी म्हणाले, दोन पत्रं लिहिली, दुसऱ्यात सगळं आहे. त्याच्या कच्च्या मजकुराची पानं माझ्याकडे होती. तिनं ती वाचायला लावली. कपबशांपाशी आल्यावर मला थांबायचं होतं. तिनं थांबू दिलं नाही.

मग मी तिला तिची फाइल ऐकवली. आपला आवाज ऐकताना ती रडेल असं मला वाटलं होतं. ती तो तपासत होती. टेलिफोन बोर्डावर नवीन मुलीचं बोलणं ऐकायची तशी, भुवई जरा वर. संपल्यावर फळ्यावर अर्धा तास गेला. ती म्हणाली ते असं, "माफी मागे घेते. त्याला ती लागत नव्हती. मला दे म्हणावं."

सोबत छोटं मेमरी कार्ड आहे. दुकानवाल्यांनी नवीन कोरं घेऊन त्यावर ती एकच फाइल घातली आहे. तुझ्याही मनात आता धास्ती असेल, म्हणून कुणाकडून तरी तपासून घे आणि मग लाव. त्यात आईशिवाय कुणी नाही. ऐकशील तेव्हा माफीचा भाग सोडून दे, तो रद्द झालाय. बाकीचं सगळं तिला कायम हवं आहे, असं ती म्हणते. त्यातल्या "ये"सकट.

माझ्याबद्दल तिला काय म्हणायचंय ते मी विचारलं. म्हणाली, "नंतर."

ताई


९ मे

प्रिय धाकट्या,

तुझा "मिळालं" एवढा निरोप मार्चअखेरीस आला. आईनं तो तीनदा वाचून घेतला. एका शब्दाचं तीनदा वाचन म्हणजे काय ते तू समज.

आवाजाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलंय. लग्नाकार्यांच्या चित्रफितींत आईचं बोलणं सापडलं, पण मागे एवढा गलका की थेरपिस्ट म्हणाल्या, यातून आवाज नाही निघायचा. दोन वाटा होत्या. मशीनबरोबर येणारा तयार आवाज, जो लिफ्टमधल्या बाईसारखा आहे, किंवा घरातल्या कुणीतरी आपला द्यायचा. मी तयार आवाजच बरा म्हणाले. खरं तर मला भीती होती की ती "तुझा नको" म्हणेल, आणि ते फळ्यावर अक्षरं जुळवत मलाच वाचावं लागेल.

ती म्हणाली, "तुझाच."

"का?" मी विचारलं.

"तोंड माझ्या ताब्यात राहील."

हे तिचं "नंतर" होतं.

मग तीच खोली, तीच ब्लँकेटं, फ्रिज बंद. ठेंगण्या ढगानं झगा मी झटकला. पाच आठवड्यांत सोळाशे वाक्यं झाली. आई शेजारी पडून ऐकायची, आणि एखादं मी घाईत गुंडाळलं की घशातून आवाज काढायची. पुन्हा. या वेळी रोज दुपारी प्रती जात होत्या, एक थेरपिस्टकडे, एक दुकानवाल्यांच्या तिजोरीत. एक काम झालं की तोडून ठेवायच्या डिस्कवर. तुलाही हवी असेल तर सांग. माझा आवाज तुला कशाला लागेल म्हणा.

यादीच्या शेवटी आपली स्वतःची वाक्यं घालायला जागा असते. ती हाताखाली तयार राहतात, अक्षरं जुळवावी लागत नाहीत. आईनं सांगत जायची, मी वाचत जायची. "पाठ खाजवा." "चष्मा पुसा, मग माझ्याकडे बघा." "डॉक्टर, हे तुम्ही मला सांगा, तिला नको." आणि एक होतं, "तो येऊ का विचारत होता. मी नको म्हणाले. त्याची काही चूक नव्हती."

मी म्हटलं, "आई, हे तुझ्या तोंडी कसं शोभेल?"

तिनं डोळे वर केले. वाच.

पहिल्यांदा आवाज फुटला. दुसऱ्यांदाही. थेरपिस्टना यातलं काही माहीत नव्हतं, त्या हेडफोन लावून म्हणाल्या, "रडवेलं चालत नाही हो, मशीनला स्वच्छ लागतं." सातव्या वेळी स्वच्छ निघालं. बाबा गेल्यापासून मी ते कुणापुढे नीट म्हणू शकले नव्हते, आणि आता सरळ म्हणता येईपर्यंत त्या दोघी मला सोडणार नव्हत्या.

मागच्या मंगळवारी आईनं आत्याला बोलावून घेतलं. आत्या आली, पर्स मांडीवर घेऊन बसली, आईच्या हातावरून हात फिरवत राहिली. मी पाणी आणलं. आईची नजर स्क्रीनवर सरकली, आणि माझ्या आवाजात ते वाक्य खोलीत उमटलं. आत्यानं माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड मिटलेलं होतं.

"कोण बोललं हे?"

आई बोलली, असं म्हणता आलं असतं. तेही खोटं नव्हतं.

"मी," मी म्हणाले. "धाकट्यानं फोन केला होता. मीच त्याला येऊ नको म्हटलं आणि तुमच्यासमोर उलटं सांगितलं."

आत्या बराच वेळ पर्सचा चाप उघडत मिटत बसली. मग म्हणाली, "गेल्या साली त्याचा फोन आला होता मला. मी ठेवून दिला. बोलूसुद्धा दिलं नाही." हे मला ठाऊक नव्हतं. तू आत्याला फोन केला होतास, तेव्हाही सांगणार नव्हतासच बहुतेक, नुसती तब्येत विचारणार होतास. निघताना दारात तिनं माझ्याकडे न बघता तुझा नंबर मागितला. मी लिहून दिला. तिनं केला की नाही मला माहीत नाही. केला असेल आणि रडली असेल तर तिला बोलू दे.

आणि मग रविवारी दुपारी तुझाच फोन आला. स्क्रीनवर तुझं नाव पाहून या वेळी बोट लगेच चाललं नाही. उचलला तर तू एवढंच म्हणालास, "आईला दे." मी काही म्हणायच्या आत पुन्हा म्हणालास, "आणि तू तिथे थांबू नकोस."

रास्त आहे. फोन तिच्या उशीवर ठेवला, स्क्रीन तिच्या नजरेसमोर आणली आणि मी बाहेर गॅलरीत गेले. दोरीवरचे कपडे वाळले होते. काढून घड्या घालायला लागले.

आतून माझा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, मी कळू दिलेही नाहीत. पण चाल कळत होती. दोन-तीन शब्द, मग मोठी शांतता, त्यात तू बोलत असणार, मग पुन्हा दोन-तीन शब्द. घाई नाही, टोचणं नाही. एकदा तर माझा आवाज काहीतरी असं बोलला की फोनमधून तुझं हसणं भिंतीपलीकडे ऐकू आलं. धाकट्या, माझ्या आवाजानं तू शेवटचा कधी हसला होतास ते मला आठवेना. मी घडी घातलेली चादर उलगडली आणि पुन्हा घातली. आत माझा आवाज तुझ्याशी बोलतच होता, आणि मला मध्ये पडायचं काही कारण नव्हतं.

ताई